भोंगा आठवतो, चिमणी आठवते, मग मिलमधली पोरं कशी आठवत नाहीत?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सोलापूरच्या मिलवरचा लेख वाचला. फोटो एक नंबर. चिमण्या, भोंगा, पगाराच्या दिवसाची बाजारातली गर्दी, मिलमधे नोकरी म्हणजे पोरगी द्यायला लोक रांग लावायचे वगैरे सगळं आलंय, आमच्या घरात तो पेपर आठवडाभर हातोहात फिरला, शेजारच्या काकांनी तर कात्रण काढून लॅमिनेशन केलं. तक्रार नाही माझी. पण दोन पानं भरून लेख आणि त्यात एक पोरगं नाही! मिल काय नुसती मोठ्या बाप्यांनी चालवली का ओ? आमचे आजोबा मिलमधे डॉफर होते, म्हणजे साच्यावरच्या (साचा म्हणजे सूत कातायचं यंत्र) बॉबिनी भरल्या की मुकादमाची शिट्टी व्हायची आणि ही सगळी पोरं पळत जाऊन भरलेल्या बॉबिनी उपसून रिकाम्या बसवायची, ते पण साचा फार वेळ बंद न ठेवता, उशीर झाला की पाठीत धपाटा. मग पुढच्या शिट्टीपर्यंत कापसाच्या ढिगाला टेकून जरा डोळा लावायचा, नाहीतर साच्याखाली सरपटत जाऊन कचरा झाडायचा. मिलच्या खात्यात, म्हणजे विभागात, कापूस उडतोय, वरनं धागा तुटू नये करून हवा मुद्दाम दमट ठेवलेली. आजोबा सांगायचे की घरी आलो की आई आधी केस झटकायची आणि मग जेवायला वाढायची.

मी निवृत्त शिक्षिका आहे. नोकरी सगळी सोलापुरात काढली. दर 12 जानेवारीला पोरांना चार हुतात्मा पुतळ्यांकडे घेऊन जायचो, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही नावं आमच्या शाळेतल्या दुसरीच्या पोरालाही पाठ असायची, 1930 च्या मे महिन्यातला मार्शल लॉ, 1931 ची फाशी, सगळं पाठ. अभिमानच आहे त्याचा. पण एकदा एका पोरीनं विचारलं की बाई, तेव्हा आमच्याएवढी पोरं काय करत होती? मी म्हटलं प्रभातफेरी काढायची, वानरसेना होती. ती म्हणाली, आणि बाकीची? ह्या "बाकीच्यां"वर आपल्याकडं कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र, लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी मिलचंच बघू. जुनी मिल उभी राहिली 1870 च्या दशकात. तेव्हा पोरांना कामाला लावण्यावर ह्या देशात काहीच बंधन नव्हतं. पहिला फॅक्टरी कायदा आला 1881 ला आणि तो काय म्हणतो तर सात वर्षाच्या आतलं पोर कामाला घ्यायचं नाही. म्हणजे सात पूर्ण झालेलं चालतं! सात ते बारा वयाच्या पोरांना दिवसाला नऊ तास काम, मधे एक तास सुट्टी, महिन्यात चार दिवस रजा. आज सात वर्षाचं पोर दुसरीत असतं साहेब, त्याला स्वतःची वॉटरबॅग सापडत नाही. आणि हाच इंग्रज आपल्या घरी काय करत होता? 1833 लाच तिकडच्या कापड गिरण्यांत नऊच्या आतल्या पोरांना बंदी केली होती. इकडं नऊची अट आली 1891 ला, म्हणजे बरोबर 58 वर्षांनी. तेव्हा तास सातावर आणले. 1911 ला कापड गिरण्यांपुरते सहा तास झाले. 1922 ला वय बारा झालं, 1934 ला तास पाच. इंग्लंडातल्या पोरांचे हाल कमी नव्हते, पण 1881 ला, तिकडची अट दहावर गेलेली असताना, एकाच राणीच्या राज्यात मँचेस्टरच्या पोराचं बालपण दहा वर्षाचं आणि सोलापूरच्या पोराचं सात वर्षाचं, हा हिशोब कोणी बसवला ते मुलांना सांगायला नको का?

आता कोणी म्हणेल इंग्रजांनी निदान कायदा तरी केला. केला, पण त्यात पण गंमत आहे. हिंदुस्थानातल्या गिरण्यांना कायदा लावा म्हणून सगळ्यात जास्त ओरड कोणाची, तर लँकेशायरच्या गिरणी मालकांची, कारण इकडचं सूत स्वस्त पडायला लागलं आणि त्यांच्या धंद्यावर आलं. त्यांना आपल्या पोरांचा पान्हा फुटला होता अशातला भाग नाही. आणि दुसरी बाजू त्याहून अवघड. इकडचे मालक कोण होते? आपलेच. त्यांनी विरोध केला की पोरं काढली तर गिरण्या बसतील. आणि संपादक साहेब राग मानू नका, तेव्हाच्या बऱ्याचशा राष्ट्रवादी वर्तमानपत्रांनी पण मालकांचीच बाजू घेतली, की हा कायदा म्हणजे स्वदेशी धंदा मारायचा डाव आहे. डाव होताच. पण त्या डावाला उत्तर म्हणून सात वर्षाचं पोर साच्यापाशी उभं करायचं, हे कसलं उत्तर? पोरांच्या बाजूनं बोलणारे थोडे. मुंबईचे समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली यांनी कायद्यासाठी खटपट केली, आणि आपले नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक माणूस, त्यांनी 1884 ला मुंबईत कामगारांची सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, रविवारची सुट्टी मागितली. लोखंड्यांचं नाव आपल्या किती शाळांत घेतात? रविवारी मटण आणायला जाताना तरी आठवावं माणसानं.

कायदा कागदावर एक आणि खात्यात एक, हे तर आपल्याला आजही माहीत आहे. तेव्हा जन्माचा दाखला कुठला असायला? मग डॉक्टर ठरवणार वय. आजोबांना उभं केलं, तोंड उघड म्हणाले, दात बघितले, उंची बघितली, झाले बारा वर्षाचे! घरच्यांच्या हिशोबानं ते तेव्हा दहाचे होते, थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या साली जन्मले म्हणून हिशोब पक्का. एक बिल्ला मिळाला, तो कामावर असताना जवळ ठेवायचा म्हणजे सर्टिफिकेट आहे हे कळतं. तो बिल्ला पुढं बरीच वर्षं आजोबांच्या ट्रंकेत होता, मी हातात घेतलाय, कडा घासून गुळगुळीत झालेला, आकडा धड वाचता येत नव्हता. ह्या बिल्ल्यांची पण भानगड असायची, अर्धा दिवस एका गिरणीत आणि अर्धा दिवस दुसरीत, दुसऱ्याच पोराच्या नावावर. अहमदाबादेत हा प्रकार इतका चालायचा की सरकारी चौकशांमधेही त्याची नोंद झाली. आपल्याकडं चालायचा का ते आजोबांना विचारलं होतं, नुसते हसले.

मिल तरी एक बरी म्हणायची, कारण तिला कायदा लागू होता. 1881 चा कायदा फक्त शंभर माणसांच्या वरच्या आणि वाफेवर वगैरे यंत्र चालवणाऱ्या कारखान्यांना होता, 1891 ला पन्नास माणसं झाली, 1922 ला वीस. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी माग. बाप मागावर, आई रहाटावर आणि पोरं कांड्या भरायला, त्याला कुठला इन्स्पेक्टर? बिडीचं तेच. 1929 ला जो लेबर कमिशन नेमला, व्हिटली साहेबाचा, त्याचा रिपोर्ट 1931 ला आला, त्यात बिडीसारख्या बिनयंत्राच्या धंद्यांत काही ठिकाणी पाच पाच वर्षाची पोरं दहा बारा तास बसवलेली आढळली असं लिहिलंय, मजुरी दोन आण्यापर्यंत खाली. त्यानंतर कुठं 1933 ला पोरांची मजुरी गहाण ठेवायला बंदी करणारा कायदा आला. गहाण! म्हणजे बापानं उचल घ्यायची आणि फेडायची पोरानं. सोलापुरात हे वाचून कोणाला नवल वाटणार नाही, कारण बिडीच्या पत्त्यांची टोपली आणि शेजारी दप्तर हे चित्र माझ्या वर्गातल्या पोरींच्या घरी मी स्वतः बघितलंय, तेव्हा इंग्रज जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली होती.

तान्ह्या बाळांचं काय तेही सांगते. आई मिलमधे दहा दहा तास, मग बाळ कुठं ठेवायचं? अफूची गोळी. बाळगोळी म्हणायचे तिला. मुंबईत 1920 च्या दशकात डॉक्टर बाईंनी चाळींतून पाहणी केली तेव्हा गिरणीत जाणाऱ्या बहुतेक आया बाळाला अफू देतात असं आढळलं. आता आया वाईट होत्या का? अफू विकायचं लायसन सरकारचं, त्यावरचं उत्पन्न सरकारचं, गिरणीत पाळणाघर नाही, बाळंतपणाची रजा नाही, तिनं करायचं काय? बाळंतपणाचा भत्ता देणारा कायदा मुंबई इलाख्यात 1929 ला आला, देशातला पहिला, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे, पण तोवर किती बाळं झोपेतच राहिली त्याचा हिशोब कोण देणार.

दुष्काळाबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र होईल. थोडक्यात सांगते. 1876 ते 78 चा दुष्काळ आपल्या जिल्ह्याला लई बेकार लागला, त्यात 1877 च्या जानेवारीत सरकारनं दुष्काळ बघायला पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामावरची मजुरी कापली, गड्याला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. खडी फोडणाऱ्या बाप्याला एवढं, तर त्याच्या पोराच्या वाट्याला काय येणार? हजारो लोक काम सोडून उठून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारला निवेदनांवर निवेदनं पाठवली. पुढं 1896 आणि 1899 चे दुष्काळ. अनाथ झालेली पोरं नातेवाईक नाही मिळाले तर अनाथालयात, आणि अनाथालयं बहुतेक मिशनची. सोलापुरात अमेरिकन मिशननं ह्या पोरांना सांभाळलं, शिकवलं, बालवाडी काढली, हे खरं आहे आणि चांगलं आहे. धर्म बदलला म्हणून बोंब मारणारे पण होते, त्यातले किती जण एखादं पोरगं घरी घेऊन गेले ते विचारू नका. अपवाद पंढरपूरचा. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी, तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी, 1875 ला टाकून दिलेल्या बाळांसाठी आश्रम काढला, आज त्याला नवरंगे बालकाश्रम म्हणतात. पांडुरंगाच्या गावात विधवा बाया बाळ ठेवून जायच्या, कारण घरी घेऊन गेली तर दोघांचं मरण. हे इंग्रजांनी केलेलं नव्हतं साहेब, हे आपलं होतं.

आता ज्यासाठी एवढा पसारा मांडला ते सांगते, सेटलमेंट. तुमच्या लेखात "मिलच्या आसपास कामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या" असं एक वाक्य आहे, त्यात सेटलमेंट पण कोंबली असेल तर ते बरोबर नाही. वस्ती उभी राहते आपोआप. सेटलमेंट उभी केली, काटेरी तारा मारून. 1871 ला गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, 1911 च्या नव्या कायद्यानं तो मुंबई इलाख्याला पण लागला आणि थोड्याच वर्षांत सोलापुरात सेटलमेंट झाली. पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी, कंजारभाट, भामटे अशा जमाती आणून तारेच्या आत ठेवल्या, सुरुवातीचा कारभार अमेरिकन मिशनकडं होता. हुबळी, गदग, विजापूर इथंही असंच. गुन्हा कोणी केला हा प्रश्नच नाही, जन्मला तो गुन्हेगार. दिवसातनं ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर जायचं तर पास, बोटांचे ठसे. आणि सोलापूरच का? कारण मिलला माणसं पाहिजे होती. तारेच्या आतली माणसं संप करत नाहीत, गावाकडं पळून जात नाहीत, पेरणीला सुट्टी मागत नाहीत. मालकाला ह्याहून बरा कामगार कुठं मिळणार?

आणि पोरं. 1897 च्या दुरुस्तीनं सरकारला अधिकार मिळाला की चार ते अठरा वयाची पोरं आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारगृहात ठेवायची. चार वर्षाचं पोर, म्हणजे आपल्याकडं अंगणवाडीत खिचडी खाणारं, त्याला काय सुधारणार? 1911 च्या कायद्यात वय सहा ते अठरा केलं, पण अधिकार तोच राहिला. कारण काय तर आईबाप सुधारणेच्या पलीकडं गेले, पोरं तरी वाचवू. म्हणायला वाचवणं आणि करायला आईच्या कुशीतनं पोर ओढून काढणं, आणि त्यातलं आणखी एक, जे आमच्या शेजारच्या आजींनी मला अगदी सरळ सांगितलं, की पोर सायबाकडं असलं की बाप पळून जाईल का? म्हणजे ओलीस की ओ. मोठ्या मोठ्या रिपोर्टांत जे गुळमुळीत लिहिलेलं असतं ते ह्या न शिकलेल्या बाईनं एका वाक्यात सांगितलं.

ओलिसाची गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही म्हणा. मंगळवेढ्याजवळ माचणूरला, म्हणजे ब्रह्मपुरीला, औरंगजेबाची छावणी 1695 ते 1699 पडून होती, तेव्हा संभाजी महाराजांचे पुत्र शाहू त्याच्याच कैदेत होते. रायगड पडला 1689 ला तेव्हा सात वर्षाचे, सुटले 1707 ला. माचणूरला जाणारे लोक सिद्धेश्वराचं दर्शन घेतात, किल्ल्यावर सेल्फी काढतात, पण भीमेच्या काठी एक पोरगं चार वर्षं तंबूत वाढलं हे कोणाच्या ध्यानात येत नाही. तिकडं तुर्कांच्या साम्राज्यात तर गावागावातनं ख्रिश्चन पोरं उचलून फौजेत वाढवायची रीतच होती. राजा कोणताही असो, पोरगं हातात असलं की बाप मान वाकवतो हे सगळ्यांना कळलेलं. फरक एवढाच की शाहू महाराजांचं नाव इतिहासात राहिलं आणि सेटलमेंटमधल्या पोरांचा नुसता नंबर राहिला, आणि तो पण कुठल्या फाईलमधे हे देव जाणे.

आणि एकतर्फी पण लिहायचं नाही मला. सेटलमेंटमधे शाळा होती. मिलमधे अर्धा दिवस काम करणाऱ्या पोरांना उरलेल्या वेळात शाळेत बसवायचे. तिथं शिकून नोकरीला लागलेले लोक मी बघितलेत, त्यांच्यातले काही जण म्हणतात की बाई, सेटलमेंट नसती तर आमच्या हातात पाटी आली नसती. मी ऐकून घेते. कारण बाहेर काय स्थिती होती? 1901 च्या शिरगणतीत देशात शंभरात पाच साडेपाच माणसांना लिहिता वाचता यायचं, बायांत तर हजारात सहा सात. गोखल्यांनी 1911 ला सहा ते दहा वयाच्या मुलांच्या सक्तीच्या शिक्षणाचं बिल आणलं, ते 1912 ला 38 विरुद्ध 13 मतांनी पाडलं, सरकार म्हणालं पैसा नाही. फौजेला होता. तेवढ्यात इकडं कोल्हापूरला शाहू छत्रपतींनी 1917 ला कायदा करून टाकला, पोर शाळेत नाही आलं तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. लहानसं संस्थान, पैसा कमीच. म्हणजे मनात असलं तर होत होतं. सेटलमेंटची शाळा चांगली होती म्हणून तारा चांगल्या होत नाहीत, बाहेर शाळाच नव्हती एवढाच त्याचा अर्थ. मुंबई इलाख्यातल्या सगळ्या सेटलमेंटचा मोठा अधिकारी स्टार्ट नावाचा साहेब होता, त्याच्याच अध्यक्षतेखाली 1928 ला एक समिती नेमली, तिच्यात डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा सभासद होते, 1930 ला रिपोर्ट दिला, अस्पृश्य पोरांना सगळ्यांच्या शाळेत सगळ्यांबरोबर बसवा म्हणून. हे पण आपल्या पोरांना सांगा की. सरकारी माणूस म्हणजे सगळा काळा नसतो नि सगळा पांढरा नसतो.

हे फक्त आपल्याच नशिबी आलं असंही नाही. कॅनडात तिथल्या मूळ जमातींची दीडेक लाख पोरं आईबापांपासून काढून निवासी शाळांत टाकली, आपली भाषा बोलली की मार. ऑस्ट्रेलियात तेच. आणि इंग्रजांनी स्वतःच्या गरिबांच्या पोरांना पण सोडलं नाही, लाखभर पोरं जहाजात बसवून कॅनडाला शेतावर राबायला पाठवली, कित्येकांचे आईबाप जिवंत असताना. जगभर सूत्र एकच, गरीब आईबाप म्हणजे बिघडलेले आणि त्यांची पोरं म्हणजे सरकारचा माल. 2008 मधे ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी 13 फेब्रुवारीला आणि कॅनडाच्या पंतप्रधानांनी 11 जूनला पार्लमेंटमधे उभं राहून माफी मागितली. टीव्हीवर बघितलं होतं मी, म्हातारी माणसं रडत होती. आपल्याकडं 1949 ला मुंबई राज्यात तो कायदा रद्द झाला, 31 ऑगस्ट 1952 ला सगळ्या देशात, आणि संपलं. नाव बदलून विमुक्त झालं. तारा निघाल्या आणि पोलिसांच्या डोक्यातलं तसंच राहिलं, चोरी झाली की आधी कुठल्या वस्तीत जीप जाते ते आपल्या सोलापुरात कोणाला सांगायला नको. वर्गात पाकीट हरवलं की बाकीची पोरं वळून कोणाकडं बघायची हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. एकदा त्याच वस्तीतल्या एका पोरीनं दप्तर उलटं करून दाखवलं होतं, कोणी सांगायच्या आधीच. पाकीट स्टाफरूममधे सापडलं.

माफीबिफीची मला पडलेली नाही, कोण कोणाची मागणार आता. मला काय पाहिजे ते सरळ सांगते.

एक तर महापालिकेच्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं. त्यात पोराचं नाव, बापाचा धंदा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असतं. किती पोरांनी कुठल्या साली "मिलमधे कामास लागला" म्हणून शाळा सोडली, एवढं जरी कोणी मोजलं तरी तुमच्या दोन पानी लेखापेक्षा जास्त कळेल. माझ्या शाळेतली जुनी रजिस्टरं एका वर्षी पावसाळ्यात भिजली, मग कपाटातनं काढून गच्चीवर वाळवली, पानं एकमेकांना चिकटलेली, शिपाईमामा म्हणाले बाई ह्याची रद्दीपण होत नाही. बाकी शाळांत काय वेगळं असणार? स्कॅन करायला असा काय मोठा खर्च आहे, स्मार्ट सिटीचा पैसा आला तेव्हा दिवे आणि पेव्हर ब्लॉक झाले, त्यातला चिमूटभर. मिलची हजेरीपुस्तकं कोणाच्या गोडाऊनमधे असली तर त्यांचंही तेच. सेटलमेंटचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि इथल्या रेकॉर्ड रूममधे असतील ते युनिव्हर्सिटीच्या इतिहासाच्या पोरांना द्या की अभ्यासाला, आपल्याकडं युनिव्हर्सिटी आहे, पीएचडी करणारी पोरं विषय शोधत फिरतात. फक्त एक पथ्य पाळा, सेटलमेंटच्या रजिस्टरातली नावं छापू नका, नेटवर टाकू नका. नातवंडं आज नोकरी शोधतायत, आडनाव बघून पुन्हा कोणीतरी बोट दाखवायचं. आकडे द्या, वयं द्या, कुठनं आणली ते द्या, नावं ज्याची त्याला दाखवा.

दुसरं तुमच्या हातातलं आहे. पुरवणीत दर रविवारी एक कोपरा द्या, सिनेमाच्या गॉसिपला अर्धं पान जातं त्यातला चालेल. ऐंशीच्या पुढची माणसं अजून आहेत सोलापुरात, त्यांना जाऊन विचारा. पण कसं विचारायचं ते पण सांगते, कारण तुमचे वार्ताहर आले की "आजी, स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी सांगा" म्हणतात आणि आजी पण मग पाठ केल्यासारखं भारतमाता की जय सांगतात. असं विचारा की तुम्ही सात वर्षाच्या असताना सकाळी उठून काय करायच्या? कामाचे पैसे कोणाच्या हातात पडायचे? कशाची भीती वाटायची? खेळायला कधी मिळायचं? भाऊबहिणी किती जन्मले आणि किती जगले? तेलुगू, कन्नड, पारधी बोलणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, बरोबर त्यांची भाषा येणारं कोणीतरी न्या, मराठीत विचारलं की त्या नुसत्या माना हलवतात. आणि रेकॉर्डिंग करून ठेवा, पेपरात चार ओळी आल्या तरी बाकीचं वाया जायला नको.

ज्या आजींचं वर लिहिलंय त्या बोलायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. सेटलमेंटमधे जन्म, तारा निघाल्या तेव्हा दहा बारा वर्षाच्या असतील. कान जरा कमी आहे, मोठ्यानं बोलावं लागतं, आणि फोटो काढायला नको म्हणतात. दुपारी तीननंतर पाठवा कोणालाही, त्याच्या आधी त्या बिड्या वळत असतात आणि मोजून देईपर्यंत कोणाशी बोलत नाहीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर